संहिता बदलली, ऑनलाइन बाजाराचं काय?

नमस्कार श्रोतेहो. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या दिवसांत शिवाजीनगरच्या कोर्टात आम्ही वकील मंडळी जुन्या-नव्या कलमांचे तक्ते हातात घेऊनच हिंडत होतो. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये, अश्लील साहित्याचं २९२ आता २९४ मध्ये. ‘चारशेवीस’ म्हणायची आपली सवय मात्र जाईलसं वाटत नाही.

त्याच सुमारास ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या एका अशिलानं विचारलं, “साहेब, आमच्या साइटवर माल दुसरेच लोक विकतात. त्यांनी काही भानगड केली तर माहिती तंत्रज्ञान कायदा आम्हाला वाचवत होता. आता फौजदारी कायदाच नवा आलाय, मग ते संरक्षण उरलं का?”

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे अशाच फटीत एक माणूस अडकला होता.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या मूळ कलम ७९ मध्ये मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर किंवा माल फक्त आपल्या जागेवर ठेवणाऱ्याला, संरक्षण दिलं होतं. पण ते ‘या कायद्याखालच्या’ जबाबदारीपुरतंच. दंड संहितेबद्दल चकार शब्द नाही. पुढं नोव्हेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटवर एका विद्यार्थ्यानं अश्लील क्लिप सव्वाशे रुपयांना विकायला लावली. शनिवारी रात्री लागलेली ती जाहिरात सोमवारी सकाळी काढली, पण तोवर काही प्रती विकल्या गेल्या होत्या. डिसेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनाच अटक झाली. आरोप दोन्हीकडचे: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ आणि दंड संहितेचं २९२. दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये त्यांच्यावरचा दंड संहितेचा भाग रद्द केला, दुसरा चालू ठेवला. त्यातूनही ते सुटले, पण २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात जाऊन. क्लिप सव्वाशेची आणि हेलपाटे आठ वर्षांचे!

या प्रकरणानंतर कलम ७९ नव्यानं लिहिलं गेलं. २००८ ची ती दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. आता त्याची सुरुवातच अशी आहे की, ‘त्या त्या वेळी अंमलात असलेल्या कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी’ मध्यस्थ दुसऱ्याच्या मजकुरासाठी जबाबदार नाही. यातले ‘त्या त्या वेळी’ हे शब्द महत्त्वाचे. २०२३ साली संमत झालेली न्याय संहिता आज अंमलात आहे, म्हणून ती आपोआप या वाक्यात बसते. अशिलाला मी हेच सांगितलं: वेगळा नियम लागत नाही.

ब्रिटननं उलट वाट धरली होती. त्यांच्या २००२ च्या इलेक्ट्रॉनिक कॉमर्स नियमांत स्पष्ट म्हटलं होतं की, यानंतर संमत होणाऱ्या कायद्यांना हे नियम लागू नाहीत. त्यामुळं नवा गुन्हा आला की मध्यस्थाचं संरक्षण त्याला जोडायला स्वतंत्र नियमावली काढायची. दहशतवादाचा कायदा २००६ चा, त्याची नियमावली २००७ ची. धार्मिक द्वेष भडकवण्याचा गुन्हाही २००६ च्या कायद्यातला, पण त्याची जोडणी व्हायला २०१० उजाडलं. कटकटीचंच काम. तरी मला त्यात एक गुण दिसतो. या विशिष्ट गुन्ह्यात मध्यस्थाला सोडायचं का, हा प्रश्न दर वेळी कुणाला तरी कागदावर हाताळावा लागतो. आपण ते एकदाच ठरवून मोकळे झालो.

अर्थात, आपलं संरक्षणही फुकट मिळत नाही. मध्यस्थानं मजकुरात ढवळाढवळ करायची नाही, योग्य ती काळजी घ्यायची, आणि न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला की आक्षेपार्ह गोष्ट काढायची. आदेशाचा हा निकष सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात घालून दिला. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकारीही नेमावा लागतो; त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं.

आणि लक्ष्मी रोडवरच्या ज्या ताई व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या साड्या विकतात, त्या मध्यस्थ नव्हेत. त्या विक्रेत्या. त्यांना कलम ७९ ची ढाल नाही.

नवीन कायद्यांनी खरा फरक पाडलाय तो पुराव्यात. पूर्वी इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागायचं. आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं लागतं, आणि त्याचा नमुना कायद्यालाच जोडलेला आहे. भाग अ पुरावा हजर करणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. दोन्हींत फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून संगणकानं काढलेला ओळख-आकडा, लिहायचा. तो कुठल्या पद्धतीनं काढला, तिथं खूण करायची. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. म्हणून ऑर्डरची चॅट आणि पेमेंटचे मेसेज ज्या फोनवर आलेत तो फोन वाद मिटेपर्यंत विकू नका, फॉरमॅट करू नका. आणि पैसे नुकतेच गेले असतील तर वकिलाकडं येण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तर तिथूनच. नमस्कार.