वाजवून पाहिलेला सूर्य

(दृश्य : कुंभाराच्या दुकानात माठ निवडणारे हात)

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलेले गिऱ्हाईक तो उचलून धरते आणि वाकवलेल्या बोटाने त्यावर टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर माठ नीट भाजलेला असतो. बद्द आला तर त्यात कुठेतरी केसाएवढी चीर असते, आणि ती डोळ्याला दिसली नाही तरी कानाला कळते. ताऱ्यांच्या अभ्यासकांपुढचा पेच याच जातीचा होता. सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर आहे, पण त्याचा जो प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो तो जेमतेम काहीशे किलोमीटर जाडीच्या बाहेरच्या थरातून सुटतो. त्याखाली काय चालले आहे, हे कितीही मोठ्या दुर्बिणीला दिसत नाही. मग माठासारखे ताऱ्याचे पोटही त्याच्या थरथरण्यावरूनच ओळखायचे.

तारे थरथरतात हे मात्र जुने ज्ञान आहे. आपण ज्याला अढळपद देऊन टाकले आहे तो ध्रुवतारासुद्धा सेफीड जातीचा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा असून सुमारे चार दिवसांत एकदा फुगतो आणि आकसतो. या जातीला जिच्यावरून नाव मिळाले त्या डेल्टा सेफी ताऱ्याचे तेज नियमाने कमीजास्त होते, हे इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक या तरुणाने १७८४ साली नोंदवले. त्याला ऐकू येत नव्हते. या ताऱ्यांच्या आत हेलियमचा एक थर कुकरच्या शिट्टीसारखे काम करतो : दाबला गेला की तो अपारदर्शक होऊन उष्णता अडवतो, अडलेली उष्णता थराला बाहेर ढकलते, थर फुगला की पारदर्शक होऊन उष्णता सोडून देतो आणि पुन्हा खाली बसतो. मात्र असा तारा बहुधा एकदोनच सूर काढतो, आणि तेवढ्यावरून त्याच्या पोटातले फारसे कळत नाही. त्यासाठी अनेक सुरांत वाजणारा तारा हवा होता, आणि तो रोज सकाळी आपल्या डोक्यावर येत होता.

(दृश्य : सूर्याचा पृष्ठभाग, उकळत्या पाण्यासारखे हलणारे कण)

१९६० साली अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत रॉबर्ट लेटन आणि त्यांचे सहकारी सूर्याच्या पृष्ठभागावरील वायूचा वेग मोजत होते. वायू आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातील रेषा किंचित निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. या रेषा सुमारे पाच मिनिटांच्या ठेक्यात मागेपुढे होत असल्याचे त्यांना आढळले. आधी हे पृष्ठभागापुरते स्थानिक हेलकावे वाटले. पण १९७० मध्ये रॉजर उलरिक यांनी, आणि पाठोपाठ जॉन लायबाकर व रॉबर्ट स्टाइन यांनी, या सूर्याच्या आत कोंडलेल्या ध्वनिलहरी असल्याचा विचार मांडला, आणि १९७५ मध्ये फ्रान्झ डॉइबनर यांच्या निरीक्षणांनी तो खरा ठरवला. या माठाला टिचकी मारायला बाहेरून कोणी लागत नाही. पृष्ठभागाखालचा वायू अखंड उकळत असतो, आणि त्या खळखळाटातूनच लाखो सूर एकदम उठत राहतात. त्यातल्या एकेका सुराने पृष्ठभाग हलतो तो फार तर सेकंदाला वीसेक सेंटिमीटर, म्हणजे रांगत्या बाळाच्या वेगाने.

काही लहरी वरच्या थरातच वळतात, काही थेट गाभ्याजवळून जाऊन येतात. आत जावे तसे तापमान वाढते आणि ध्वनीचा वेगही वाढतो, म्हणून प्रत्येक सूर आपण कोणत्या खोलीपर्यंत जाऊन आलो याची खूण सोबत आणतो. केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत यायला ध्वनीला साधारण एक तास पुरतो, तर तिथे निर्माण झालेल्या ऊर्जेला प्रकाशरूपाने झिरपत वर येण्यासाठी हजारो वर्षे लागतात. ध्वनीची बातमी त्या मानाने अगदी ताजी म्हणायची.

सुरांमधील बारीक फरक ओळखायचे तर सूर्य मावळून चालत नाही. म्हणून १९९५ मध्ये जगभर सहा ठिकाणी एकसारख्या दुर्बिणी सुरू झाल्या. त्यांपैकी एक फतेहसागर तलावातील बेटावर वसलेल्या उदयपूर सौर वेधशाळेची. भोवती पाणी असल्याने जमीन तापून हवा थरथरण्याचा त्रास तिथे कमी होतो. दर मिनिटाला एक, अशा चित्रांच्या आधारे सूर्याचा उकळता थर त्रिज्येच्या बाहेरच्या सुमारे २९ टक्के भागापुरता आहे हे पक्के झाले. पृष्ठभागावर विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेते आणि ध्रुवांना त्याहून बरेच दिवस जास्त लागतात, पण त्या थराखालचा भाग एखाद्या घन गोळ्यासारखा एकाच गतीने फिरतो, हेही दिसून आले.

माझ्या मते कंपनांवरून ताऱ्याचे पोट वाचण्याच्या या शास्त्राची खरी कसोटी लागली ती न्यूट्रिनोंच्या, म्हणजे सूर्याच्या गाभ्यात निर्माण होऊन जवळजवळ कशालाही न अडता निसटणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, वादात. अमेरिकेतील होमस्टेक खाणीत, कपड्यांच्या ड्राय-क्लीनिंगच्या द्रवाने भरलेल्या सुमारे पावणेचार लाख लिटरच्या टाकीत, रे डेव्हिस यांना सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश मिळत होते. सूर्याचा गाभा आपण समजतो त्यापेक्षा थोडा थंड असेल, असे म्हटले की हिशेब जुळत होता, आणि दोष खगोलशास्त्रज्ञांच्या पदरात पडत होता. पण कंपनांवरून काढलेला ध्वनीचा वेग त्यांच्या गणिताशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनीही १९९०च्या दशकात कंपनांच्या आधारे गाभ्याच्या तापमानाला मर्यादा घालून दाखवल्या. गाभा थंड नव्हता. चूक न्यूट्रिनोंविषयीच्या समजुतीत होती : वाटेत ते आपली जात बदलतात, हे पुढे कॅनडातील सडबरीच्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये सिद्ध केले.

(दृश्य : हंस तारकासमूह)

दूरच्या ताऱ्यांच्या पृष्ठभागाची चित्रे घेता येत नाहीत, पण त्यांचे तेज लाखात काही भागांनी लुकलुकते ते अवकाशातून मोजता येते. २००९ साली सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने हंस तारकासमूहाच्या दिशेने चार वर्षे टक लावली, आणि तांबड्या राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या, ताऱ्यांचे कोडे उलगडले. बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसणारे असे दोन तारे आतून वेगळे असू शकतात. एकात गाभ्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जळत असतो, दुसऱ्यात गाभ्यातच हेलियम पेटलेला असतो. टिमोथी बेडिंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की पहिल्या प्रकारात लागोपाठच्या काही सुरांच्या आवर्तकाळांत (एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळांत) सुमारे ५० सेकंदांचे अंतर असते, दुसऱ्यात १०० ते ३०० सेकंदांचे.

ताऱ्याचे वयही असेच निघते, कारण हायड्रोजन संपत जाऊन हेलियम साचत जाईल तसे गाभ्याजवळून येणाऱ्या सुरांमधले अंतर बदलत जाते. केप्लर-४४४ या ताऱ्याचे वय २०१५ साली या रीतीने ११.२ अब्ज वर्षे ठरले. त्याच्याभोवती पृथ्वीहून लहान असे पाच ग्रह फिरतात. सूर्य जन्माला आला, तेव्हा त्या ग्रहांना सहा अब्जांहून अधिक वर्षे होऊन गेली होती.