सात किलोत मावेल तेवढं

[दृश्य : डोंबिवली, पहाटेचे साडेतीन. स्वयंपाकघराची फरशी, तिच्यावर उघडी ट्रॉली.]

हा काटा रद्दीवाल्याचा आहे. काल रात्री त्याने शटर ओढायच्या आत काकांनी मागून आणला, आणि आज दुकान उघडायच्या आत परत द्यायचाय. एरवी त्याच्या आकड्याला वर्तमानपत्रांचा गठ्ठा लटकतो. आत्ता काकूंची निळी ट्रॉली लटकतेय.

काटा सव्वाआठवर थांबतो. हवेत सात.

"रद्दी मोजायचा काटा तो, त्याला काय कळतंय," काकू म्हणतात.

"अगं, तो आपल्याला कायम कमीच दाखवतो," काका म्हणतात. "म्हणजे खरं वजन याच्याहून जास्तच असणार."

काकू बंगळुरूला लेकीकडे निघाल्यात. ट्रॉलीत दोन साड्या, औषधांची पिशवी, कुळथाचं पीठ, मेतकूट, कोकमं, दोन किलो चकलीची भाजणी आणि नातवासाठी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू. मिरचीचं लोणचं आधीच बाहेर पडलंय. विमानाच्या केबिनमध्ये ते चालत नाही.

[दृश्य : ट्रॉली रिकामी होते. जवळून : काट्याची सुई.]

आता फक्त ट्रॉली. आत काही नाही. पावणेतीन किलो.

सात किलोंतले पावणेतीन चाकांनी, दांड्याने आणि कापडाने खाल्ले. उरले सव्वाचार, आणि आई म्हणून जे न्यायचं ते सगळं त्यात बसवायचं.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावरचं तिकीट.]

तिकीट मुलाने काढलं. सगळ्यात स्वस्त. ते स्वस्त का, तर त्यात खाली विमानाच्या पोटात जाणारी बॅग धरलेलीच नाही. फक्त हातातली. अशी तिकिटं विकायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, फेब्रुवारी 2021 मध्ये परवानगी दिली. सामान नसेल त्याला सूट, असा हिशेब. वाईट नाही. ऑफिसच्या कामाला सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्याने दुसऱ्याच्या बॅगेचे पैसे का भरावेत?

पण त्याच आदेशात एक अट होती. प्रवासी ऐनवेळी बॅग घेऊन काउंटरवर आला तर किती पैसे पडतील, हे तिकीट काढतानाच त्याला ठळक दिसलं पाहिजे आणि तिकिटावर छापलेलंही असलं पाहिजे. काकूंच्या तिकिटावर ते आहे का? आहे. काकांनी चष्मा बदलला, पडदा दोन बोटांनी ताणला, तेव्हा दिसलं. भाड्याचा आकडा मात्र चष्म्याशिवाय वाचता येतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे. नियम असू द्या, पण तो भाड्याच्या शेजारी आणि भाड्याएवढ्याच अक्षरात असू द्या.

[दृश्य : मोजपट्टी, ट्रॉलीची उंची.]

आता माप. इंडिगोचं घ्या, देशात सगळ्यात जास्त माणसं तेच नेतात. लांबी 55 सेंटीमीटर, रुंदी 35, जाडी 25. तिन्ही मिळून 115. वजन सात किलो. शिवाय पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी, तीन किलोपर्यंत. बाकी कंपन्यांची मापं चार बोटं इकडेतिकडे, सात किलो मात्र बहुतेक ठिकाणी तेच. एकच हातबॅग हा नियम तर कंपन्यांचा नाहीच. तो विमानतळ सुरक्षेच्या ब्यूरोचा आहे, सन 2000 च्या परिपत्रकातला. जानेवारी 2022 मध्ये तो पुन्हा कडक करायला सांगितलं, कारण तपासणीच्या यंत्रांपुढे रांगा लांबत होत्या. त्या जुन्या यादीत हातबॅगेशिवाय काय चालतं ते वाचण्यासारखं आहे : बायकांची पर्स, ओव्हरकोट, घोंगडी, कॅमेरा नाहीतर दुर्बीण, छत्री किंवा काठी, वाटेत वाचायला पुस्तकं. कोण्या साहेबाचं सामान असावं तसं. बेसनाच्या लाडवांना त्यात जागा नाही.

[दृश्य : धारावी. अरुंद जिना, वर पोटमाळ्यावर चार शिलाई मशीन.]

हे पंचावन्न सेंटीमीटर शिवलं कसं जातं, ते पाहायला आम्ही धारावीत गेलो. दहा बाय पंधराची खोली, खाली कटिंग, वर शिलाई. कारागीर सगळे बाहेरगावचे, राहणं-जेवणंही इथेच. मशीन थांबलं की खाली भांड्यांचा आवाज ऐकू येतो.

भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेत. शाळेच्या दप्तराचा एक, लॅपटॉप बॅगेचा एक, आणि हा, कडा घासून मऊ झालेला, वर स्केच पेनने लिहिलंय 'कॅबिन'. कापडाचे आठ थर एकावर एक पसरतात, वर फर्मा ठेवून खडूने रेघ मारतात, आणि कटिंगवाला हातातल्या बिजलीच्या कात्रीने एका दमात आठ बॅगांचा पुढचा भाग कापतो.

[दृश्य : जवळून : सुई, चेन, रनर.]

मग अस्तर. अस्तर आणि कापड यांच्यामध्ये फोम, फोमच्या मागे प्लास्टिकचा पातळ पत्रा, बॅग उभी राहावी म्हणून. चेन मीटरने येते, रनर वेगळे, मूठभर घेऊन एकेक ओवायचे. कडेने पाइपिंग. पाइपिंग म्हणजे कापडात गुंडाळलेली प्लास्टिकची दोरी. ही बॅगेची कड धरून ठेवते, आणि कोपऱ्यावर वळवताना नवख्याची सुई हमखास तुटते. आमच्यासमोर एक तुटली. उस्तादाने वर न बघताच दुसरी पुढे सरकवली.

सगळ्यात शेवटी उलटी शिवलेली बॅग सुलटी करतात. हे पाहायला हवं. एवढा वेळ जे नुसतं गबाळं होतं, ते दोन हात आत घालून, गुडघ्याने दाबून, एका झटक्यात बॅग होतं.

[दृश्य : दांडा आणि चाकं बसवणं.]

दांडा आणि चाकं तयार येतात, इथे फक्त रिवेट ठोकतात. आणि इथेच सगळी मेख आहे. दुकानात बॅग इंचांत विकतात. वीस इंची म्हणजे जवळपास 51 सेंटीमीटर, पण ते पुष्कळदा नुसत्या धडाचं माप. खाली चाक, वर मूठ, की झाली पंचावन्नला टेकलेली. बावीस इंची तर चाकं लावायच्या आधीच 55 च्या पुढे गेलेली असते. तरी तिच्यावरही 'कॅबिन साइज'ची पट्टी लटकते.

उस्तादाला विचारलं, विमानात बसलायत का कधी? तो हसला. म्हणाला, "हमारा माल बैठता है."

[दृश्य : पुन्हा डोंबिवली. माळ्यावरून काका जुनी सूटकेस काढतात. धूळ.]

ही व्हीआयपी. नाशिकला बनलेली, लग्नातली. हिला चाकं नाहीत. ही उचलायची, आणि फार झालं तर हमाल करायचा. काकू लेकीकडे पहिल्यांदा गेल्या त्या हिच्यासकट, कल्याणहून उद्यान एक्सप्रेसने. स्लीपरच्या तिकिटावर माणशी चाळीस किलो फुकट, आणि तेही कोणी मोजल्याचं काकूंना आठवत नाही. अख्खा फणस नेला होता एकदा.

चाकं आली अमेरिकेतून. बर्नार्ड सॅडो नावाच्या माणसाला 1972 मध्ये चाकाच्या सूटकेसचं पेटंट मिळालं. ती आडवी, पट्ट्याने ओढायची, कुत्र्यासारखी मागून यायची. उभी केली 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथने. हा नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा पायलट. त्याने बॅग उभी धरली, दोन चाकं आणि वर ओढता येणारा दांडा लावला. आधी पायलट आणि हवाईसुंदऱ्यांनी घेतली, मग ती दिमाखात चालताना पाहून प्रवाशांनी. आणि अशी बॅग एकदा हातात आली की ती काउंटरवर कोण देणार? सगळ्यांच्या ट्रॉल्या विमानात शिरल्या. डोक्यावरचे कप्पे भरायला लागले.

त्यात 2008 उजाडलं. तेल महागलं, आणि अमेरिकन एअरलाइन्सने पोटात जाणाऱ्या पहिल्याच बॅगेला 15 डॉलर लावले. लोक म्हणाले, मग हातातच नेतो. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2010 पासून, तिथल्याच स्पिरिट या स्वस्त विमान कंपनीने हातातल्या मोठ्या बॅगेलाही दर लावला. दार एकीकडून बंद, मग दुसरीकडून. युरोपात रायनएअर या कंपनीने तर जास्तीची बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस ठेवलंय, नोव्हेंबर 2025 पासून बॅगेमागे अडीच युरो. आपल्याकडे तिकीट तपासनीसालासुद्धा असं कोणी सुचवू नये.

कंपन्यांचीही बाजू आहे. जमिनीवर उभं विमान पैसे मिळवत नाही. पाऊण तासाच्या आत उतरवायचं, झाडायचं, पुन्हा भरून उडवायचं. एका ए320 मध्ये 186 माणसं. प्रत्येकाने ट्रॉली डोक्यावर चढवायला अर्धा मिनिट जरी घेतला, तरी मधली वाट तुंबते. हे खरं आहे. पण मग वीस जणांनी एकदम बॅगा उघडून काउंटरसमोर बसकण मारली, तर वेळ वाचतो का?

जगभर एकच माप असावं असंही एकदा ठरत होतं. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने जून 2015 मध्ये 55 बाय 35 बाय 20 असं माप पुढे केलं. लोकांना वाटलं, आता सगळ्यांनी नव्या बॅगा घ्यायच्या का? एवढी ओरड झाली की काही दिवसांतच ते बाजूला ठेवलं.

[दृश्य : सकाळचे साडेपाच. विमानतळ, टर्मिनल 1, बाहेरचा पदपथ.]

सांताक्रूझचं टर्मिनल 1. स्वस्तातली विमानं बरीचशी इथून सुटतात. दाराच्या पुढे कॅमेरा जात नाही, पण गंमत दाराच्या अलीकडेच आहे. या पदपथावर पहाटे पाचपासून बॅगा उघडतात.

हा मुलगा बघा. मे महिन्याची मुंबई, आणि त्याने दोन शर्टांवर जीन्सचं जाकीट चढवलंय. खिशात चार्जर, दुसऱ्या खिशात डिओ. अंगावरचं कोणी मोजत नाही. या मावशी नवऱ्याची बॅग स्वतःच्या पर्समध्ये रिकामी करतायत. आणि हे साहेब बॅगेवर बसलेत, पण चेन काही लागत नाहीये.

एक सांगून ठेवतो, घाईत विसरतं. बॅग ऐनवेळी खाली द्यायला लावली तर पॉवर बँक आधी काढून घ्या. ती पोटात चालत नाही, आग लागायची भीती असते.

[दृश्य : दरपत्रकाचा फोटो.]

जास्तीच्या वजनाला काउंटरवर किलोमागे पाचशेच्या वर पडतात. 15 ते 20 किलोपर्यंतच्या सामानाला किलोमागे शंभरच घ्या असं डीजीसीएने जुलै 2016 पासून बजावलं होतं. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. इथल्या बाकावरची एक मुलगी मुलाखतीला निघाली होती, तिने जास्तीचे पैसे भरले आणि गेली.

[दृश्य : काका-काकू, पदपथावर ट्रॉली उघडी.]

घरी लाडू डब्यातून पिशवीत आले होते, कुळथाचं पीठ पर्समध्ये गेलं होतं, आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर ट्रॉली बरोब्बर सात भरली होती. तरी काका खाली बसले. चेन उघडली. भाजणीची पिशवी बाहेर काढली.

"अहो, राहू द्या. सात भरलीय ना?"

"त्याच्या काट्यावर. तिथे आत एकटी घोळ घालत बसशील."

"दिवाळीला लागते तिला."

"दिवाळीला मी घेऊन येईन."

काकू काही बोलल्या नाहीत. ट्रॉलीचा दांडा वर ओढला, पर्स खांद्यावर घेतली, ओळखपत्र दाखवलं. काच सरकली.

[दृश्य : मेट्रो 3 चा सरकता जिना, खाली उतरणारे काका. हातात भाजणी.]

टर्मिनल 1 च्या मेट्रोतून मरोळ नाका, तिथून घाटकोपर, घाटकोपरहून लोकल. उलट्या दिशेच्या गाडीला या वेळी बसायला जागा मिळते. भाजणी मांडीवर. मुलुंडला फोन आला.

"अहो, बसले. खिडकी मिळाली."

"वजन किती भरलं?"

"कुठलं वजन? बॅगेकडे बघितलं पण नाही कोणी."

[दृश्य : डोंबिवली. रद्दीचं दुकान, अर्धं उघडलेलं शटर.]

काटा परत द्यायला काका थेट दुकानावर आले. घरून निघतानाच तो पिशवीत घातला होता, विमानतळ फिरून आला. रद्दीवाल्याने आकडा भिंतीच्या खिळ्याला अडकवला.

"काका, काकूंची बॅग बसली ना?"

काकांनी उत्तर दिलं नाही. भाजणीची पिशवी आकड्याला लावली. गिरणीत दोन किलो मोजून घेतलेली, गाठ अजून सोडलेली नाही.

सुई पावणेदोनवर थांबली.