नदीपलीकडची बालवाडी

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी कुणी ओळखीचं भेटलं आणि आपण म्हटलं की घर बघतोय, की पहिला प्रश्न येतो, रेटिंग किती? घराचं नाही हो, शाळेचं. दहापैकी आठ की नऊ. इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून. नऊवाल्या गल्लीसाठी आपले लोक वरचे पन्नास हजार डॉलर मोजायला तयार असतात, किचन जुनं असलं तरी चालतं. आम्हीही तेच केलं, खोटं कशाला बोलू.

पण हे रेटिंग येतं कुठून? मुख्यतः मुलांच्या मार्कांवरून, आणि न्यू जर्सीत सरकारी परीक्षा सुरू होतात तिसरीपासून. म्हणजे मूल आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर. त्याआधी ते कुठे होतं, कुणाजवळ होतं, त्याला गोष्टी कुणी वाचून दाखवल्या, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक मूल खाजगी प्रीस्कूलला गेलंय, महिन्याला दीड-दोन हजार डॉलर देऊन. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने विचारलं, "बालवाडीला किती म्हणालीस?" मी सांगितलं, तिने मनातल्या मनात रुपयात हिशोब केला आणि नंतर बराच वेळ काही बोललीच नाही. तर जी शाळा नऊ मार्क मिळवते, त्यातले किती शाळेचे आणि किती आईबापांनी आधीच भरलेले, हे एकदा विचारून बघा.

आता गाडी काढूया. रूट २७ धरायचा, हायलंड पार्क मागे टाकायचं, रॅरिटन नदीवरचा पूल ओलांडला की न्यू ब्रन्सविक. रहदारी नसेल तर पंधरा मिनिटं. इथल्या शाळांचं रेटिंग आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टाकलं तर लोक तोंड वाकडं करतील. पण इथे तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण दिवसाचं प्रीस्कूल मिळतं, फुकट, आणि आईबापांचा पगार कुणी विचारत नाही.

हे सरकारला आपणहून सुचलेलं नाही बरं का, कोर्टाने करायला लावलं. १९८१ साली गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने एक खटला उभा राहिला, ॲबट विरुद्ध बर्क, आणि तो इतकी वर्षं चालला की त्याच्या निकालांना लोक नंबर देऊन ओळखतात. १९९८ च्या निकालात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या गरीब डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे शाळांच्या कारभारासाठी पाडलेल्या भागांतल्या, तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला चांगलं प्रीस्कूल द्या. आधी २८ डिस्ट्रिक्ट होते, पुढे ३१ झाले. नेवार्क, कॅम्डेन, युनियन सिटी, पर्थ अँबॉय, आणि हे न्यू ब्रन्सविक.

आणि "चांगलं" म्हणजे काय तेही ठरवून दिलं. एका वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं, एक शिकलेली टीचर आणि सोबत एक मदतनीस. एवढ्या इमारती आणायच्या कुठून, म्हणून गल्लीबोळातली डे-केअर होती तीच यात घेतली. तिथल्या बायका वर्षानुवर्षं मुलं सांभाळत होत्या पण अनेकींकडे डिग्री नव्हती, त्यांना २००४ पर्यंत मुदत दिली, कॉलेजची फी राज्याने भरली, आणि डिग्री झाल्यावर पगार सरकारी शाळेच्या टीचरच्या बरोबरीने. दिवसभर पंधरा पोरांमागे धावायचं आणि रात्री क्लासला जाऊन बसायचं, विचार करा. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली खरी कमाई ही आहे, पण तिचं रेटिंग कोण काढणार!

आत काय चालतं ते बघा. काही वर्गांत मुलं खेळायला लागायच्या आधी खेळाचा प्लॅन काढतात. चार वर्षांचं पोर कागदावर दवाखाना काढतं, म्हणजे एक चौकोन आणि त्यात दोन गोळे, आणि खाली "मी डॉक्टर होणार" यातल्या प्रत्येक शब्दासाठी एकेक आडवी रेघ ओढतं. अक्षर एकही नाही. पण वाक्य शब्दांचं बनतं हे त्याला कळलेलं असतं.

याने पुढे फरक पडला का? रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी या मुलांचा चौथी-पाचवीपर्यंत माग काढला. हे प्रीस्कूल न केलेल्या मुलांपैकी १९ टक्के कधी ना कधी त्याच इयत्तेत पुन्हा बसली होती, केलेल्यांपैकी १२ टक्के. स्पेशल एज्युकेशनमध्ये, म्हणजे खास मदत लागणाऱ्या मुलांच्या शिक्षणात, न केलेल्यांपैकी १७ टक्के आणि केलेल्यांपैकी १२. भाषा, गणित, विज्ञान तिन्हीत मार्क जास्त, आणि दोन वर्षं गेलेल्यांना एक वर्षवाल्यांपेक्षा जास्त फायदा.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. टेनेसी राज्यातही सरकारी प्रीस्कूल आहे आणि तिथे जागा कमी, मुलं जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले होते. २०२२ साली निकाल आला की सहावीपर्यंत पोचेस्तोवर प्रीस्कूलला गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा मागे होती. चिठ्ठ्या टाकल्या की दोन्हीकडची मुलं सारखीच असतात, आईबापांमुळे फरक पडत नाही; रटगर्सच्या अभ्यासात चिठ्ठ्या नव्हत्या, म्हणून टेनेसीचा अभ्यास जास्त पक्का मानावा लागतो. पण टेनेसीत वर्गात २० पर्यंत मुलं चालतात. नुसती प्रीस्कूलची पाटी लावून काम होत नाही, एवढं तरी यातून दिसतंच.

आणि आता हे आमच्या सबर्बमध्ये येतंय. न्यू जर्सीच्या २००८ च्या कायद्यात तसं वचन होतं, पण मंदी आली आणि पैसाच सुटला नाही, २०१७ नंतर कुठे थोडा थोडा यायला लागला. वर्ग कमी, अर्ज ढीगभर, म्हणून बऱ्याच ठिकाणी लॉटरी. एरवी रेटिंगवर तासभर बोलणारे आमचे लोक आता बर्थ सर्टिफिकेट आणि लाईट बिल घेऊन फॉर्म भरतायत. आमच्या शेजाऱ्यांनीही फोल्डर तयार करून ठेवला होता, पण नियम असा की एक ऑक्टोबरला तीन पूर्ण हवेत, आणि त्यांच्या बाळाचा वाढदिवस चार ऑक्टोबरला. फोल्डर फ्रिजवर तसाच पडून आहे, पुढच्या वर्षासाठी.