पोट नसलेल्या माशाचा घास

(दृश्य: पहाट. गोठा आणि त्यामागचे शेततळे.)

करवीर तालुक्यातील या वस्तीवर दिवसाची सुरुवात दोन घमेल्यांनी होते. पहिले घमेले गोठ्यात जाते आणि त्यात म्हशींसाठी भिजवलेली सरकी पेंड असते. दुसरे घमेले गोठ्यामागच्या शेततळ्यावर जाते आणि त्यात शेंगपेंड व भाताचा कोंडा निम्मानिम्मा कालवलेला असतो. शेंगपेंड संपलेली असली, तर म्हशींच्या घमेल्यातलीच चार ओंजळी पेंड तळ्यात पडते. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी तळ्याच्या मालकांनी आम्हाला विचारले की, जी पेंड खाऊन म्हैस चरवी भरून दूध देते, ती खाऊन मासा का वाढू नये. प्रश्न रास्त होता. पुढचे सारे चित्रीकरण आम्ही त्याच्याच मागे लागून केले.

(दृश्य: रवंथ करणारी म्हैस, जवळून.)

म्हशीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव नांदत असतात. ते चारा आंबवतात, हलक्या प्रतीच्या नायट्रोजनापासून, अगदी युरियापासूनसुद्धा, स्वतःच्या शरीराची प्रथिने घडवतात, आणि पुढच्या कप्प्यांत पोहोचल्यावर स्वतःच म्हशीचे अन्न होतात. पेंड आधी सूक्ष्मजीव खातात आणि मग सूक्ष्मजीवांना म्हैस खाते, असा हा दोन हातांचा व्यवहार आहे. सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्यही या कप्प्यात बरेचसे निष्प्रभ होते. म्हणूनच जातिवंत म्हैस सरकीवर पोसली जाते आणि कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला मिळतो.

(दृश्य: प्रयोगशाळेतील टेबल. चिरलेला रोहू, आतडे हळूहळू उलगडले जात आहे.)

आता हा रोहू पाहावा. त्याच्या शरीरात पोट शोधूनही सापडत नाही, कारण ते मुळात नसतेच. कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या या कार्प कुळातील साऱ्याच माशांची हीच रचना आहे. घशाच्या आत खोलवर असलेल्या दातांनी घास भरडला जातो आणि तो थेट आतड्यात उतरतो. आतड्याचा सुरुवातीचा भाग थोडा फुगीर असल्यामुळे त्याला पोट समजण्याची चूक होते, परंतु तेथे आम्ल पाझरत नाही आणि पेप्सिन हे प्रथिने तोडणारे विकरही (एन्झाइम) नसते. आतडे मात्र विलक्षण लांब आहे. मासा मोजण्यासाठी घेतलेली फूटपट्टी त्याला पुरली नाही, आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळसे घालूनच ते पसरावे लागले.

माणसाच्या जठरात आम्लामुळे प्रथिनांची गुंडाळी सैल होते आणि पेप्सिन तिचे मोठे तुकडे करते, त्यामुळे पुढचे काम हलके होते. रोहूच्या नशिबी ही पूर्वतयारी नाही. यकृताभोवती विखुरलेल्या स्वादुपिंडाच्या ऊतींतून येणारी ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही दोन विकरेच त्याचा मुख्य आधार आहेत. चिलापीला (तिलापिया) आम्लाचे पोट असते, त्यामुळे येथे जे सांगितले आहे ते तिला जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि एकाच तळ्यात दोन्ही मासे असले म्हणजे हा फरक हटकून विसरला जातो.

(दृश्य: काचेच्या दोन बश्यांत सोयाबीन पेंडीचा चुरा; त्यावर पिवळसर द्रावण पडते.)

कोल्हापूरच्या खरिपात भुईमुगाची बरीच जागा सोयाबीनने घेतली आहे, आणि तेल काढल्यानंतर उरणाऱ्या सोयापेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात. माशाच्या खाद्यासाठी याहून सोयीचा कच्चा माल शोधून मिळणार नाही. अडचण एवढीच आहे की, कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनलाच जखडून ठेवणारी प्रथिने असतात. त्यांपैकी एक मोझेस कुनिट्झ या शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले. ज्याच्याकडे पेप्सिनची पहिली फळी नाही, त्याच्या उरलेल्या फळीवरच हा घाव बसतो. आतड्यात प्रथिने भरपूर असतात, परंतु ती तोडणारे हात बांधलेले असतात.

यावर उपाय उष्णतेचा आहे आणि तो पुरेसा झाला की नाही, हे या बश्यांत दिसते. द्रावणात युरिया आणि फिनॉल रेड हे रंगद्रव्य आहे. सोयाबीनमधील युरिएझ हे विकर जिवंत असेल, तर ते युरिया तोडते आणि त्या कणाभोवती लाल ठिपका उमटतो. ट्रिप्सिन अडवणारी प्रथिने आणि युरिएझ ही दोन्ही उष्णतेने जवळपास बरोबरीने नष्ट होत असल्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. डावीकडच्या बशीत पाहता पाहता पुरळ उठल्यासारखे लाल ठिपके पसरले आहेत, म्हणजे ही पेंड कच्ची आहे. उजवीकडची बशी पिवळीच राहिली. तथापि पिवळी बशी पाहून निर्धास्त होण्याचे कारण नाही, कारण पेंड जास्त भाजली असेल तरीही बशी पिवळीच राहते, आणि जास्त भाजलेल्या पेंडीत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, शर्करेशी बांधले जाऊन माशाच्या उपयोगाचे राहत नाही. करपट तपकिरी रंग आणि खमंग वास माणसाला आवडतो. माशाच्या दृष्टीने ते नुकसान आहे.

(दृश्य: खाद्याच्या पोत्यावरील छापील मजकूर, जवळून.)

पोत्यावर छापलेला प्रथिनांचा आकडा यांतील काहीच सांगत नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये जी पद्धत दिली, तिच्यात पदार्थातील नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा अंदाज काढतात. नायट्रोजन कोठून आला, हे त्या पद्धतीला ठाऊक नसते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून या हिशेबाने युरियात २८७ टक्के प्रथिने निघतील! म्हशीच्या पोटात त्या युरियाचे काहीतरी होते. रोहूच्या आतड्यात त्याचे काहीच होत नाही.

शेंगपेंड आणि कोंडा यांचे मिश्रणही कागदावर चांगले दिसते. शेंगपेंडीत साधारण ४० ते ४५ टक्के आणि कोंड्यात १२ ते १४ टक्के प्रथिने धरली, तर निम्म्यानिम्म्या मिश्रणात ती २६ ते साडेएकोणतीस टक्के होतात, आणि मोठ्या रोहूला २५ ते ३० टक्के पुरतात. परंतु माशाला प्रथिने ठोक लागत नाहीत. त्याला दहा आवश्यक अमिनो आम्ले ठरावीक प्रमाणात लागतात. सायप्रिनसच्या खाद्यातील दर शंभर ग्रॅम प्रथिनांमागे सुमारे ५.७ ग्रॅम लायसिन असावे लागते. शेंगदाण्याच्या प्रथिनांत ते साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते, तर सोयाबीनच्या प्रथिनांत सहाच्या वर जाते. सोयाबीन मात्र मिथिओनिन या दुसऱ्या आवश्यक अमिनो आम्लात उणे पडते.

(दृश्य: गुजरीतील सराफाचे दुकान, साजाची पानड्यांची ओवण.)

गुजरीत कोल्हापुरी साज ओवणाऱ्या कारागिराकडे एक पानडी कमी असली, तर बाकीच्या पानड्या असूनही साज पुरा होत नाही. त्या पानड्या तो डबीत जपून ठेवू शकतो. माशाच्या शरीराकडे अशी डबी नाही. एक अमिनो आम्ल कमी पडले की, जुळणीत न बसलेली बाकीची अमिनो आम्ले तोडून ऊर्जेसाठी जाळली जातात आणि त्यांतील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून पाण्यात जातो. शेतकऱ्याने सर्वांत महाग दराने घेतलेला घटक अशा रीतीने सर्पणासारखा वापरला जातो. म्हणून सोयापेंड, शेंगपेंड, कोकणातून घाट चढून येणारी थोडी मासळीची कुटी आणि आवश्यक तेथे शुद्ध मिथिओनिन यांची जुळणी करावी लागते. ऊर्जेसाठी शिजलेला स्टार्च आणि तेल दिले, तर प्रथिने वाढीसाठी मोकळी राहतात.

(दृश्य: काचेच्या टाक्या. तळाशी हिरवट विष्ठेचे धागे. नळीने ते गोळा केले जातात.)

यांतील किती पचले, हे मोजण्याची रीत सोपी आणि काहीशी गमतीची आहे. खाद्यात अर्धा टक्का क्रोमिक ऑक्साइड ही हिरवी पूड मिसळतात. ती पचत नाही, त्यामुळे जेवढी तोंडातून जाते तेवढीच बाहेर पडते. समजा, विष्ठेत तिचे प्रमाण दोन टक्के भरले, तर चार किलो खाद्याची एक किलो कोरडी विष्ठा झाली, असा अर्थ होतो. खाद्यात ३० टक्के प्रथिने असतील, तर चार किलोंत ती १,२०० ग्रॅम होतात. विष्ठेत १५ टक्के आढळली, तर १५० ग्रॅम वाया गेली आणि १,०५० ग्रॅम पचली, म्हणजे पचनीयता साडेसत्त्याऐंशी टक्के आली. आमच्या मते पोत्यावर छापायचा आकडा हा आहे.

(दृश्य: शिरोली औद्योगिक वसाहतीतील शेड. यंत्राचा आवाज, वाफ.)

जुळवलेला कच्चा माल आधी बारीक दळला जातो, कारण भरड कणाच्या आत विकरे पोहोचत नाहीत. मग त्यावर वाफ सोडून तो ओलसर केला जातो आणि एक्सट्रुडर या दाबयंत्राच्या नळकांड्यात ढकलला जातो. आतला स्क्रू त्याला दाबत आणि मळत पुढे नेतो, आणि काही सेकंदच का होईना, तापमान १२० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तेवढ्यात स्टार्च शिजून चिकट होतो, प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि ट्रिप्सिन अडवणारी द्रव्ये बहुतांशी मोडतात. रोहूच्या शरीरात नसलेल्या जठराचे थोडे काम या लोखंडी नळकांड्याने उरकलेले असते. तोंडाशी बसवलेल्या डायच्या, म्हणजे छिद्रे असलेल्या चकतीच्या, छिद्रांतून बाहेर पडताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि दाणा फुगतो. त्या फुगण्यामुळेच तो पाण्यावर तरंगतो. डायसमोर फिरणारे पाते तो कापत राहते. कापलेले दाणे चाळणीवर नाचत वाळवणीकडे जातात, तेथे त्यांतील ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणला जातो, आणि शेवटी फिरत्या पिंपात त्यांवर तेल फवारले जाते.

तेलाबरोबरच फायटेझ हे विकरही याच टप्प्यावर फवारणे इष्ट असते, कारण आधी घातले तर ते उष्णतेने मरते. कोंड्यातील आणि सोयाबीनमधील बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो आणि ते आम्ल प्रथिने व खनिजेही धरून ठेवते. फायटेझ ही पकड सोडवते. तथापि त्याला काम करण्यास थोडे आम्लधर्मी वातावरण लागते आणि रोहूच्या आतड्यात ते नसते, म्हणून खाद्यात सायट्रिक आम्ल मिसळण्याची युक्ती पुढे आली. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत रोहूवर या जोडीचे प्रयोग झाले आहेत.

(दृश्य: शेततळे, सकाळचे ऊन. दाणे पाण्यावर पडतात, पाणी उसळते.)

खाद्य टाकण्याची वेळ, जागा आणि हाकही ठरलेली आहे. रोहूचे तोंड खालच्या बाजूला वळलेले असते आणि तो पाण्याच्या मधल्या थरात चरतो, त्यामुळे तरंगत्या दाण्याची सवय लागण्यास त्याला काही दिवस द्यावे लागतात. मृगळ तळाशी राहतो आणि त्याच्या वाट्याला कमीच येते. तरंगता दाणा शेतकऱ्याला दिसतो, हा त्याचा मोठा गुण आहे. पंधरावीस मिनिटांत दाणे संपले नाहीत, तर उद्याचे माप कमी करायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कोंड्याच्या पुडीत ही सोय नव्हती; ती विरघळून पाण्याला हिरवेपणा देत असे आणि त्या हिरवेपणावर वाढलेले सूक्ष्म जीव मासे खात असत, हेही खरे आहे. माशाचे रक्त थंड असल्यामुळे त्याची भूक पाण्याच्या उबेवर चालते. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी ऊन चढेपर्यंत थांबावे लागते.

तयार खाद्य घरच्या मिश्रणापेक्षा महाग पडते, तळ्याच्या चालू खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचाच असतो, आणि २०१९ किंवा २०२१ सारखा पंचगंगेचा पूर आला, तर नदीकाठच्या तळ्यातील मासे आणि हिशेब दोन्ही वाहून जातात.

(दृश्य: ओढजाळे बांधाकडे येते. मासे, ताणकाटा, वही.)

वजन घेण्याच्या दिवशी सकाळचे खाद्य बंद ठेवतात, कारण भरल्या आतड्याचा मासा हाताळणी सोसत नाही आणि वजनही फसवे येते. वीस-पंचवीस मासे ओल्या कापडात घेऊन तोलले जातात आणि लगेच पाण्यात सोडले जातात. सरासरी अडीचशे ग्रॅम भरली आणि तळ्यात दोन हजार मासे धरले, तर पाण्यात पाचशे किलो मासळी आहे. तिच्या तीन टक्के म्हणजे पंधरा किलो खाद्य, सकाळी निम्मे आणि दुपारी निम्मे. हा आकडा वहीत उतरवून मालकांनी खाली तारीख घातली आणि जाळे बांधावर वाळत टाकले. गोठ्याकडे जाणाऱ्या घमेल्यात सरकी पेंड आहे. तळ्याकडे जाणारे घमेले त्यांनी धुऊन उपडे ठेवले आहे.