औषधाच्या नावाखाली नव्हे, नशेच्या नावाखाली

श्रोतेहो, नमस्कार. आज कंपवाताबद्दल, म्हणजे पार्किन्सनबद्दल बोलायचंय. हात थरथरतो, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. (अक्षर तरी कुणाचं बारीक होताना दिसणार? हल्ली लिहितं कोण हाताने! पूर्वी सही जुळेना झाली की घरच्यांना शंका यायची. असो.)

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. माझी लाडकी गोष्ट आहे, तेव्हा थोडा वेळ खाईल.

१९८२ सालचा उन्हाळा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. तिथल्या रुग्णालयात तुरुंगातून एका माणसाला आणलं. वय ४२. बोलत नाही, हलत नाही. हात वर उचलून धरला तर तसाच राहतो. जिवंत पुतळाच म्हणा ना. काही डॉक्टरांना वाटलं हे मनाचं दुखणं, काहींना वाटलं सोंग आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र एक बारीक गोष्ट टिपली. त्याची बोटं किंचित हलत होती. त्यांनी हातात पेन्सिल दिली, पुढे कागद ठेवला. आणि तो लिहू लागला! अगदी सावकाश. आपल्याला काय होतंय ते समजत नाही, काय करायचंय ते डोक्यात आहे पण अंगातून उतरत नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. म्हणजे आत माणूस जागा होता, पूर्ण जागा.

मग कळलं की त्याच्या मैत्रिणीचीही तीच अवस्था. जवळच्या गावात दोन भाऊ, तेही तसेच. एकूण सात जण सापडले. कंपवात साठीच्या आसपास येतो, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, आणि इथे तरुण माणसं काही दिवसांत गोठून गेलेली. सगळ्यांमध्ये समान धागा एकच: बाजारात आलेलं नवं कृत्रिम हेरॉइन. कुणीतरी घरगुती प्रयोगशाळेत ते बनवताना घोळ घातला होता आणि त्यात एक नको असलेलं रसायन तयार झालं होतं. त्याचं नाव एमपीटीपी. लक्षात ठेवा, एमपीटीपी.

गंमत म्हणजे, हे आधी घडून गेलं होतं. १९७६ मध्ये मेरीलँडमधल्या एका तरुण विद्यार्थ्याने स्वतःसाठी असंच काही बनवलं आणि त्याला कंपवाताची लक्षणं आली. तज्ज्ञांनी ते रसायन उंदरांना टोचून पाहिलं, उंदीर थोड्याच वेळात ठणठणीत! प्रकरण तिथेच थंडावलं. माझं नेहमीचं म्हणणं आहे की उंदराला काही झालं नाही यावर माणसाने निर्धास्त होऊ नये. उंदीर आपल्याहून निबर प्राणी आहे. पुढे माकडांवर मात्र त्याचा परिणाम हुबेहूब दिसला.

आता थोडक्यात, हे होतं कसं. मेंदूच्या बुडाशी एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि डोपामिनशिवाय हालचाल सुरळीत होत नाही. एमपीटीपी स्निग्ध पदार्थात सहज मिसळतं, त्यामुळे रक्तातून मेंदूत शिरतं. तिथे दुसऱ्या आधार पेशी त्याचं विषात रूपांतर करतात. डोपामिनच्या पेशी ते विष आपल्या ओळखीचं समजून आत घेतात आणि त्यांची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा, मायटोकॉन्ड्रिया, बंद पडते.

आणि आता मूळ मुद्दा. विष शरीरातून निघून गेलं तरी आग राहते. पुन्हा सांगते: विष गेलं, तरी आग राहते. १९९९ मध्ये लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी अशाच तीन मृतांचे मेंदू तपासले. विष पोटात गेल्याला, म्हणजे खरं तर शिरेत गेल्याला, कुणाला ३ वर्षं, तर कुणाला १६ वर्षं झाली होती. तरीही तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी-सफाईवाल्या पेशी, खवळलेल्याच होत्या आणि डोपामिनच्या पेशी अजून मरत होत्या. मेलेली पेशी पाहून पहारेकरी चिडतो, चिडलेला पहारेकरी शेजारच्या धडधाकट पेशीलाही मारतो, मग तिला पाहून दुसरा चिडतो. यालाच मेंदूचा दाह म्हणायचं. साध्या कंपवाताच्या मेंदूतही अशा चिडलेल्या पेशी १९८८ मध्येच दिसल्या होत्या.

मग रोजच्या आयुष्यातली रसायनं? पॅराक्वाट हे तणनाशक. त्याची रचना एमपीटीपीपासून बनणाऱ्या विषासारखी. युरोपीय संघात २००७ पासून त्याला बंदी आहे. रोटेनोन हे कीटकनाशक मायटोकॉन्ड्रियाच्या त्याच ठिकाणी घाव घालतं. २००० मध्ये ते दीर्घकाळ दिलेल्या उंदरांत कंपवाताची चिन्हं दिसली. (तेव्हा निबरपणाचं माझं विधान सगळीकडे लागू नाही, मान्य.) ट्रायक्लोरोइथिलीन हे यंत्राच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरलं जाणारं द्रावक. अमेरिकेतल्या ज्या लष्करी तळाचं पाणी त्याने दूषित होतं, तिथे राहिलेल्यांत कंपवाताचा धोका सुमारे ७० टक्के जास्त आढळला, असं २०२३ च्या अभ्यासात दिसलं. फवारणी केली म्हणजे आजार झालाच, असं मुळीच नाही. जनुकं, वय, संपर्काचा काळ, सगळंच त्यात येतं.

तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा फक्त थरथर दाखवू नका. कुठे काम केलंत, किती वर्षं फवारणी केलीत, हातमोजे घातले होते का, पिण्याचं पाणी कुठलं होतं, हेही सांगा. विचारलं नाही तरी सांगा. आणि हो, घरातली फवाऱ्याची बाटली वापरून झाली की पुन्हा पाण्यासाठी वापरू नका, कितीही घासून धुतली तरी.