रस्त्यावरची पंगत

(रंकाळा. ऊन कलतंय. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा.)

साडेपाच वाजलेत. रंकाळ्याच्या काठानं गाडे लागायला सुरुवात झालीय. ढकलत आणलेल्या गाड्याच्या चाकाखाली आधी दगड सरकवायचा, मग पाण्याची कळशी उतरवायची, मग कणसांचं पोतं. मावशी शेगडीत कोळसे रचतात, भात्याचं चाक फिरवतात आणि पहिलं कणीस निखाऱ्यावर ठेवतात. दाणे तडतडू लागतात. पाण्याकडे तोंड करून बाकावर बसलेली माणसं मागं वळून बघायला लागतात.

आजची संध्याकाळ आपण कोल्हापुरात उघड्यावर खात काढणार आहोत.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं, उघड्यावरचे पदार्थ खाऊ नका. तो धडा खोटा नव्हता. पण उघड्यावर बसून खाणं वेगळं आणि उघडं पडलेलं खाणं वेगळं. गाड्यावर काय बघायचं, हे इथल्या माणसाला बरोबर कळतं. पाणी कुठून घेतलंय, फडकं स्वच्छ आहे का, कांदा आत्ता चिरलाय की सकाळचा आहे. ज्या गाड्याभोवती पोराबाळांसकट घरंच्या घरं उभी असतात, तिथं बिनघोर उभं राहावं.

(खासबाग. मैदानाची दगडी भिंत. खाऊगल्लीतले दिवे.)

हे खासबाग. भिंतीपलीकडे कुस्तीचं मैदान आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, तिथं रोममधली प्राचीन क्रीडागारं त्यांनी पाहिली आणि तसाच गोल, उतरता आखाडा आपल्या गावात बांधून घेतला. १९१२ साली तो पुरा झाला. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते जळालं, तेव्हा कोल्हापूरची माणसं रात्री रस्त्यावर उभी राहून रडली. कुस्ती सुटली, नाटक सुटलं की माणसांचे पाय आपोआप या गल्लीकडे वळायचे. पडद्यामागचे कामगार, पुढच्या रांगेतले वकील, आखाड्यातली पोरं, सगळे एकाच गाड्याला टेकून उभे.

आता या भेळवाल्याचे हात बघा.

(जवळून: पातेलं, हात, उलथणं.)

चुरमुरे दोन मुठी. वरून फरसाण. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. चिंच-गुळाचं पाणी डावानं नाही, अंदाजानं. मग उलथणं पातेल्याच्या कडेवर तीनदा वाजतं. हा आवाज म्हणजे त्याची हाक आहे. चुरमुरा ओला व्हायच्या आत भेळ कागदावर पडली पाहिजे, त्यावर शेव, बाजूला एक हिरवी मिरची. चमच्याच्या जागी पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा. सगळं मिळून मिनिटभराचं काम. तेवढ्यात तो पुढच्या गिऱ्हाइकाला विचारतो, “तिखट करू का मध्यम, दादा?” कोल्हापुरातलं मध्यम बाहेरच्या माणसाला जाळ वाटतं, ही गोष्ट पाहुण्यांना आधी सांगून ठेवलेली बरी.

हा एक कागद भेळ किती घरांतून आलीय बघा. चुरमुरा भट्टीवरून. फरसाण गावातल्याच कढईतलं. कांदा-कोथिंबीर सकाळच्या मंडईतली. आणि गूळ तर इथलाच, पंचगंगेच्या काठच्या उसाचा. १८९५ साली महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि तिथून कोल्हापूरचा गूळ देशभर जाऊ लागला. आज त्याला भौगोलिक मानांकन आहे. थंडीत गावोगावची गुऱ्हाळं पेटतात, काहिलीतला रस आटतो, गुळाचे रवे बाजारात येतात, आणि त्यातला मूठभर गूळ शेवटी या पातेल्यात विरघळतो.

पुढच्या गाड्यावर कटवडा आहे. त्या कटाला रंग आणि चव येते ती कांदा-लसूण चटणीनं. उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या डंकांपुढे, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रांपुढे, बायकांच्या रांगा लागतात. मिरची वाळवलेली, मसाला भाजलेला, लसूण सोललेला, सगळे डबे घेऊन आपला नंबर येईस्तोवर बसायचं. डंकाच्या घावांनी आसपासची गल्ली शिंकत असते. गाड्यावाल्याच्या घरातल्या बायकाही त्याच रांगेत बसून वर्षाची चटणी कांडून घेतात. गाड्यावर पुरुष दिसतो, पण त्याच्या कढईतली चव बहुतेक वेळा घरच्या बाईच्या हातची असते. ती कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून इथं मुद्दाम सांगतोय.

(भाऊसिंगजी रोड. रहदारी. मग संथपणे रस्त्याची कडा.)

आता थोडं मागं जाऊ. शंभर वर्षांपूर्वी.

या भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांचं चहाचं दुकान होतं. गंगाराम संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं सत्यसुधारक.

पण दलित माणसाच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? दुकान उघडं, भांडी लखलखीत, आणि रस्त्यानं जाणारी माणसं मान वळवून जातायत.

तेव्हा महाराजांची गाडी त्या दुकानापुढे थांबू लागली. महाराज मोठ्यानं चहा मागवायचे, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत प्यायचे, आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार! त्यांनी हुकूम काढला असता तर लोकांनी तो पाळला असता आणि घरी जाऊन अंघोळ केली असती. महाराज तिथं गिऱ्हाईक म्हणून गेले. रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्या गावाला त्यांनी कप हातात धरून दाखवला.

आपल्याकडे पंगत कुणाची, कोण कुणाशेजारी बसणार, कुणाला लांब वाढणार, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं. रस्त्यावरच्या गाड्यापाशी ते ठरवता येत नाही. जागा मिळेल तिथं उभं राहायचं. शेजारच्याचं कोपर लागतं, त्याच्या कागदावरची शेव आपल्या चपलेवर सांडते. मला या शहराचं हे सगळ्यात जास्त आवडतं. भेळ चांगली असतेच, पण ही कोपराला कोपर लागलेली पंगत फार कष्टानं मिळालेली आहे.

(बंद गाडे. ताडपत्री. रिकामा रस्ता.)

ही पंगत तीनदा मोडलेली आपण पाहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्र सोडून शहरात शिरली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची, पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं, शाहूपुरीतल्या दुकानांत गाळ भरला. ती घडी बसते न बसते तोच २०२० चं लॉकडाऊन. रोज विकून रोज खाणाऱ्या माणसाचा गाडा महिनोन् महिने ताडपत्रीखाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर.

त्याच २०२० च्या जूनमध्ये रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारची स्वनिधी योजना आली. तेव्हा पहिलं कर्ज होतं १०,००० रुपयांचं, तारण न ठेवता. ते वेळेवर फेडलं की २०,००० आणि पुढे ५०,००० मिळायचे. मोठ्या दुकानदाराला १०,००० म्हणजे काही नाही. गाडेवाल्याला तेवढ्यात नवी शेगडी, तेलाचा डबा आणि पहिल्या आठवड्याचा माल येतो. शिवाय २०१४ पासून कायदाही आहे. पथविक्रेत्याला विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि कुणी कुठं बसायचं याचा विचार करणाऱ्या शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असायचे, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. गाडा म्हणजे अतिक्रमण असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा. फुटपाथ चालणाऱ्याचा आहे, हेही खरंच. म्हणून तर जागा आखून द्या, पाणी द्या, कचऱ्याचा डबा द्या, असं गाडेवालेच म्हणतात.

आणि गिऱ्हाईक काय करू शकतं? परतून येऊ शकतं. घरपोच मागवण्यापेक्षा चार पावलं चालू शकतं. सुट्टे पैसे देऊ शकतं, घासाघीस सोडू शकतं, कागद डब्यात टाकू शकतं.

(गंगावेश. रात्र. रस्त्याकडेला बांधलेल्या म्हशी.)

रात्रीचं जेवण उरकलं की कोल्हापूरची माणसं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर येतात. इथं दुकान नाही, पाटी नाही. रस्त्याच्या कडेला म्हैस उभी असते आणि कासेखाली गवळी बसलेला असतो. कास धुतली जाते. म्हैस पान्हा सोडते. भांड्यात धारेचा पहिला आवाज टणक येतो, भांडं भरत जाईल तसा तो मऊ होत जातो. फेसाळ, कोमट दूध थेट ग्लासात. धारोष्ण. डॉक्टर कच्चं दूध उकळून प्यायला सांगतात, लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या बाबतीत तर ते पाळायलाच हवं. पण तालमीतला गडी दोन ग्लास एका दमात संपवतो आणि पांढऱ्या मिशा पुसत पैसे काढतो.

गवळ्याला ही म्हैस घरच्या माणसासारखी. दिवाळीच्या पाडव्याला तिची शिंगं रंगवतात, अंगावर नक्षी काढतात, गळ्यात माळा घालतात आणि पंचगंगेच्या घाटाकडे मिरवत नेतात. धन्याच्या मोटारसायकलच्या आवाजामागे म्हैस पळत सुटते आणि अख्खी पेठ टाळ्या वाजवते.

एक आजोबा नातवाला घेऊन आलेत. ते घरून तांब्या घेऊन आलेत, दूध घरी नेऊन तापवणार. नातू म्हशीच्या डोळ्यांत डोळे घालून बघतोय. गवळी त्याला म्हणतो, “हात लाव की, काय करत न्हाई ती.” पोरगं एक बोट पुढं करतं. म्हैस कान हलवते. बोट मागं येतं, मग पुन्हा पुढं जातं.

तांब्या भरतो. आजोबा पैसे देतात आणि विचारतात, “उद्या हाईस न्हवं?”

“हाय की. जातोय कुठं?”

(गवळी दावं सोडतो. म्हैस रस्ता ओलांडते. रिक्षा थांबून वाट देते.)