पन्नाशीनंतर नवीन डोकेदुखी? बाम ठेवा बाजूला

नमस्कार मंडळी! माझा दवाखाना पेठेत, त्यामुळे निदान घरूनच करून येणारे पेशंट रोजचेच. परवा एक काकू आल्या, वय 72, तीन आठवडे डावं कानशील ठणकतंय. आधी पित्त झालं, मग चष्म्याचा नंबर, मग ऊन. बाम चोळावा तर हात लावू देईनात, केसात फणी फिरवली तरी कळ. पण माझे कान टवकारले ते त्यांच्या सुनेच्या एका वाक्याने, "हल्ली अर्धी भाकरी टाकून उठतात." का? तर चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबलं की बरं, परत चावलं की परत तेच. दाढ असं वागत नाही हो.

ह्याला म्हणतात टेम्पोरल आर्टरायटिस, म्हणजे जायंट सेल आर्टरायटिस. रक्तवाहिनीची भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते, चावताना जबड्याला जास्त रक्त लागतं ते पोचत नाही. आणि हेच डोळ्याच्या रक्तवाहिनीत झालं तर? नजर जाते, आणि गेलेली बहुतेक वेळा परत येत नाही, वर उपचार नाही केले तर काही दिवसांतच दुसरा डोळाही जाऊ शकतो. म्हणून क्षणभर अंधारी आली, एकाचे दोन दिसले, तर उद्या नाही, आत्ता निघायचं.

1890 मध्ये लंडनच्या हचिन्सन डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याबद्दल लिहून ठेवलंय, शिरा इतक्या दुखायच्या की टोपी घालवेना. (पुणेकराला हेल्मेट घालवत नाही त्याचं कारण वेगळं.)

हा आजार पन्नाशीच्या आत जवळजवळ होतच नाही, बायकांना जास्त. सकाळी खांदे-कंबर आखडणं, बारीक ताप, वजन उतरणं, हेही सोबत असू शकतं. रक्तात ईएसआर, सीआरपी (शरीरात सूज आहे का ते सांगणाऱ्या तपासण्या) बघतात, सोनोग्राफी करतात, कानशिलाच्या शिरेचा तुकडा काढून बायोप्सी करतात. पण दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता स्टिरॉईड सुरू, साधारण रोज 40 ते 60 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि नजरेला धोका असेल तर सलाईनमधून मोठा डोस. "स्टिरॉईड? नको बाई!" हे मला रोज ऐकायला मिळतं. शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मान्य, त्यासाठी तपासण्या आणि कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आहे, पण डोळ्याला पर्याय नाही ना.

काकूंनी तिसऱ्या दिवशी स्वतः अंबाडा घातला, आणि लगेच फोन, "आता गोळ्या बंद करू ना?" अजिबात नाही काकू, डोस हळूहळू कमी करत वर्ष-दोन वर्षं लागतात.